राळ्याचं छप्पर

प्रिय बारके,

तुझा घोड्यांचा ट्रेलर शनिवारी मिळणार नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तू रागाने का होईना, पण वाचशील. गाडीला जोडायची कडी मी सोडवून ठेवली आहे आणि ती माझ्या कपाटात कुलपात आहे. तेव्हा मी घरी जेवायला गेलेलो असताना जीप घेऊन यायचं आणि ट्रेलर ओढून न्यायचा, असा काही बेत असेल तर तो सोडून दे. कारखान्यातल्या वेल्डरला बजावून ठेवलंय. तो म्हणाला, "ताई आल्या तर मी आजारी आहे म्हणून सांगा, मला त्यांच्यासमोर उभं करू नका." तुझी वहिनी तर कालपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. बहिणीची वस्तू अडवून ठेवणारा भाऊ तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

तुझे फोन आले ते मी मुद्दाम घेतले नाहीत. आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो, तिसऱ्याला तुझा, आणि मग कुणीतरी ठेवून देतं, बहुतेक तूच. मला जे सांगायचंय ते एकामागून एक, नीट सांगितलं तरच पटण्यासारखं आहे. मधलं काही गळलं तर तू म्हणशील, झालं, माझा राळ्या गेल्यावर पत्रोबा दादाने डाव साधला. म्हणून कारखान्यातल्या टेबलावर बसून लिहितोय. खिडकीतून तुझा ट्रेलर समोरच दिसतोय.

तो आणून लावलास तेव्हा तू बोट वर करून म्हणालीस, "ब्रेक बघ, मागच्या दाराची बिजागरी बघ, आणि छपराला हात लावायचा नाही." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. ब्रेकचे गुटके झिजले होते, ते बदलले. बिजागरीत मातीच माती होती. ती उघडून धुतली, वंगण भरलं, आता दार एका हाताने उतरतं. हे दोन्ही झाल्यावर माझ्या रीतीप्रमाणे आत वाळूची पोती रचली. दोन घोड्यांचं वजन, आणि तेही घोड्याचं असतं तसं, पुढच्या पायांकडे थोडं जास्त. रिकामा ट्रेलर ओढून ब्रेक बघणारे लोक मला आवडत नाहीत हे तुला ठाऊक आहे. आणि तळ्याकाठच्या रस्त्याने निघालो.

जाताना सगळं ठीक होतं. ब्रेक असा लागत होता की तू खूश झाली असतीस. परत येताना मात्र तो उघडा पट्टा लागला, जिथे झाडं संपतात आणि वारा तळ्यावरून सरळ आडवा येतो. मी काही वेगात नव्हतो. घाटाच्या पायथ्याच्या सपाट रस्त्यावर तू नेहमी चालवतेस त्याहून हळूच होतो. मागून काहीतरी बडवल्यासारखा आवाज आला. आधी वाटलं, एखादं पोतं सरकलं. आरशात बघितलं तर तुझ्या ट्रेलरच्या छपराची पुढची कड उचललेली होती. पातेल्यात उकळी आली की झाकण कसं एका बाजूने उठतं आणि बसतं, तसं. उठायचं, बसायचं. दर वेळी मागच्यापेक्षा थोडं जास्त.

ब्रेक जोरात मारता येईना, कारण मागे सिमेंटचा ट्रक होता आणि तो अगदी चिकटून येत होता. वेग तसाच ठेवावा तर वारा आत शिरत होता. मी इंडिकेटर लावला, हात बाहेर काढून हलवला, आणि हळूहळू कडेला घेत गेलो. एक डोळा रस्त्यावर आणि एक त्या कडेवर. एवढ्या वर्षांत ट्रेलर ओढताना माझ्या तळहाताला घाम आलेला मला आठवत नाही. त्या दिवशी स्टिअरिंग निसटत होतं. ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला, आणि त्याच्या वाऱ्याने छप्पर शेवटचं एकदा असं उचललं की त्याची आतली बाजू मला आरशात दिसली. मग ते बसलं. मी थांबलो. मग दोरखंड काढून छप्पर वरून बांधलं आणि चालत्या माणसाने मागे टाकावं इतक्या हळू घरी आलो.

पोती होती म्हणून मी हे इतकं शांतपणे लिहू शकतो. पोत्यांच्या जागी तुझी म्हातारी घोडी आणि तो वेंधळा घोडा असते तर? फट पडली की आधी आवाज, मग डोळ्यांवर एकदम उजेड, मग वारा. वेंधळा मागच्या पायांवर उभा राहिला असता. घोडे घेऊन नव्या नोकरीवर जाताना तू घाटात असतीस. एका बाजूला कडा. मी इथे थांबतो, पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

आता तू म्हणशील, दादा, हे तर तू पहिल्यापासून म्हणत होतास. बरोबर आहे, म्हणत होतो, आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. मी काय म्हणत होतो आणि काय झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी ट्रेलरची छपरं करायला सुरुवात केली ती जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याने. मजबूत, पण डोक्यावर जड. वळणावर ट्रेलर झुलतो, आणि जिथे पत्रा कापला तिथून गंज चढतोच, वरून कितीही रंग द्या. पाऊस आला की आत खडी ओतल्यासारखा आवाज. मग अ‍ॅल्युमिनियमवर आलो. ते मला कुणी शिकवलं नाही. लोकांचे बिघडलेले ट्रेलर उघडून उघडून शिकलो. हलकं आहे, गंजत नाही. पण लोखंडी कमानीवर ते उघडं टेकवलं आणि ओल लागली की त्याची पांढरी भुकटी होते. म्हणून मी मधे रबरी पट्टी घालतो, प्रत्येक रिव्हेटखाली वॉशर घालतो. गिऱ्हाइकाला हे कधी दिसत नाही. माझा त्या पद्धतीचा पहिला ट्रेलर अजून रस्त्यावर आहे, छपराला पोचे आहेत, पण थेंब गळत नाही. तेव्हा हो, मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी राळ्यासमोर कधी लपवला नाही.

तुझा नवरा मला पत्रोबा म्हणायचा आणि मी त्याला राळ्या, कारण तो जेवायला बसला तरी त्याच्या अंगाला रेझीनचा वास यायचा. तू आम्हा दोघांच्या मधे बसायचीस आणि म्हणायचीस, "छपराचा विषय काढणाऱ्याला आज वाढणार नाही." तरी आम्ही काढायचोच. मी म्हणायचो, फायबर म्हणजे काचेची चिंधी आणि डिंक. उन्हाने वरचा चकचकीत थर जातो, मग आतले तंतू उघडे पडतात, मग पाणी. तो म्हणायचा, "पत्रोबा, तुमच्या ट्रेलरात घोडा उभा केला की त्याला डब्यात घातल्यासारखं वाटतं. माझ्या छपराखाली त्याला सकाळ झाल्यासारखं वाटतं." मी हसायचो. पण तुझी म्हातारी माझ्या ट्रेलरात पाय ठेवत नाही आणि त्याच्या पांढऱ्या छपराखाली स्वतःहून चढते, हेही मी बघितलेलं आहे.

म्हणून शनिवारसाठी माझा ट्रेलर घेऊन जा असं मी म्हणत नाही. वेंधळा चढेल कदाचित. म्हातारी चढणार नाही, आणि तिला ढकलून चढवायचं नाही हा तुझा नियम आहे. मला तो पटतो.

आता छपराचं. त्याला हात लावू नकोस म्हणाली होतीस, मी लावला. शिडी लावून वर गेलो, आणि तुला खरं सांगतो, वर जाताना मला राळ्याची चूक सापडावी असंच वाटत होतं. कमानीला त्याने छप्पर नुसतं चिकटवलं होतं. एक स्क्रू नाही, एक रिव्हेट नाही. "माझ्या छपराला भोक नाही," असं मिरवायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, गोंदावर घोडे नेणार का. म्हणून वर गेल्यावर आधी मी पुढच्या कडेला गोंदच बघितला. बारके, गोंद सुटलेला नाही. मी पातळ पाती घालून बघितली, छिन्नीने उचकटून बघितलं, वेल्डरला बोलावून त्यालाही ओढायला लावलं. गोंदाला छपराचा सगळ्यात खालचा पापुद्रा अजून असा घट्ट धरून आहे की लोखंड वाकेल पण तो निघणार नाही. सुटलेत ते त्याच्यावरचे पापुद्रे. फायबर एकावर एक थर देऊन करतात ना, ते थर एकमेकांपासून वेगळे झालेत, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. मधे पाणी होतं. दाबलं की कडेतून बाहेर यायचं.

तेव्हा राळ्याचं काम चोख होतं. हे मी लिहून देतो, आणि वाटलं तर फ्रेम करून लाव.

मग पाणी शिरलं कुठून? वर हात फिरवला तर तळव्यात बारीक काटे घुसले. तंतू उघडे पडले होते. मी म्हटलं, झालं, ऊन. माझंच खरं ठरलं. पण छपराच्या मधोमध, पुढून मागपर्यंत, एक वीतभर रुंदीचा पट्टा आहे. तिथे हात ठेवला तर काच. चकचकीत, नव्यासारखा, त्यात मला माझं तोंड दिसलं. ऊन काही मधला पट्टा सोडून पडत नाही. उलट मधेच सगळ्यात जास्त पडतं. वेल्डरला शिडी धरायला सांगून मी दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना झीज कशी आहे ते सांगतो. सरळ नाही, गोलाकार आहे. शिडीवर उभं राहून एखाद्याने हात पुढे करून गोल गोल फिरवावा, मग शिडी पुढे सरकवावी आणि पुन्हा फिरवावा, तशी. दोन्ही बाजूंनी. आणि जिथे त्या माणसाचा हात पोचत नाही तिथे, मधोमध, तो पट्टा उरलाय. पुढच्या कडेला हात सगळ्यात सहज पोचतो, आणि तीच कड सगळ्यात जास्त झिजलीय. माझा हात लांब आहे. मी घासलं असतं तर पट्टा उरला नसता.

तू ते दर महिन्याला करतेस हे मला माहीत होतं. तुझ्या तबेल्यात आलो की बघायचो, घोड्यांना खरारा झाला की तू शिडी घ्यायचीस, ती पॉलिशची पेस्ट घ्यायचीस आणि वर चढायचीस. मी खालून म्हणायचो, "घोडा आहे का तो?" आणि तू म्हणायचीस, "तू तुझे पत्रे बघ." त्या पेस्टमध्ये बारीक रेती असते, बारके. चमक येते ती वरचा थर थोडा थोडा खरवडला जातो म्हणून येते. वर्षातून एकदा केलं तर छपराला कळतही नाही. तू राळ्या गेल्यापासून एक महिना चुकवला नाहीस. उन्हाला जे करायला अजून कितीतरी वर्षं लागली असती ते तुझ्या हाताने झालं.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सौम्य करून बघितलं, पण सौम्य केलं की ते खोटं होत होतं. आणि तुला खोटं सांगून घाटात पाठवायचं तर मी अडवलं कशाला? अ‍ॅल्युमिनियम असतं तर कितीही घासलं असतंस तरी चाललं असतं. पण हे मी माझ्या मालाची जाहिरात म्हणून सांगत नाही. अ‍ॅल्युमिनियम तू इतकं घासलं नसतंस. माझं काम कुणी कधी असं घासलं नाही, तेवढं मी शिडीवरून उतरताना मनात म्हणालो.

डागडुजी होईल का, ते विचारू नकोस. वरून नवा थर देता येईल, दिसायलाही बरा दिसेल, आणि आतले ओले पापुद्रे तसेच राहतील. पुढच्या वाऱ्याला पुन्हा उठेल. कडेला मी रिव्हेट मारून घट्ट करू शकतो. मग रिव्हेटभोवती चिरा जातील, आणि राळ्याच्या छपराला भोकं पाडणारा मी ठरेन. ते छप्पर काढावंच लागणार. कमानींजवळून कापून. वेल्डर कटर घेऊन तयार आहे आणि मी त्याला हात लावू देत नाही. तुला न विचारता ते कापलं तर आपल्यात पुढे काही उरणार नाही, एवढं कळण्याइतका मी शहाणा आहे.

आता साच्याबद्दल. राळ्या गेल्यावर तू त्याचं सामान वाटून टाकलंस तेव्हा छपराचा मोठा साचा माझ्याकडे पाठवलास आणि निरोप दिलास की फोडून टाक, जागा अडवतो. मी फोडला नाही. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उपडा आहे. का ठेवला ते तेव्हा मलाच सांगता आलं नसतं. फायबर तर मी करत नाही. काल ताडपत्री काढून तो उलटा केला, धुतला. त्याच्या आतल्या बाजूवर हात फिरवला तर जाणवलं, मधल्या पट्ट्यावर लागली होती तीच काच. तुला हे ठाऊकच असेल, मला वाचून समजलं: साच्यात पहिल्यांदा वरचा चकचकीत थर देतात आणि बाकीचे थर त्याच्या मागून. म्हणजे छपराची चमक ही साच्याची चमक असते. ती राळ्याने साच्यात घासून घासून आणली, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश कागदाने, गुडघ्यांवर बसून. तू वर चढून जी सांभाळत होतीस ती इथे आहे, आणि तिला कुठे ओरखडाही नाही.

म्हणून मी रेझीन आणलं, काचेच्या तंतूंची चटई आणली आणि लहान तुकडे करून बघितले. वेल्डर अजून हसतोय. पहिल्या वेळी रेझीन घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं; वाटीतच तापून धूर आला आणि तुकडा तडकला. दुसऱ्या वेळी भीतीने कमी घातलं. तो तुकडा अजून चिकट आहे आणि वेल्डरचा हातमोजा त्यावर चिकटून बसलाय, निघत नाही. डब्यावर प्रमाण छापलंय, मी ते थेंबापर्यंत पाळलं. पण डब्यावर छापणाऱ्याला आज हवा किती दमट आहे ते कुठे माहीत? राळ्यालाही ते कळत नव्हतं. तो तसं कबूल करायचा. मिश्रण तू करायचीस. बादलीला बाहेरून हात लावायचीस, आभाळाकडे बघायचीस, आणि म्हणायचीस, आता. तो तू आता म्हटल्याशिवाय ब्रश उचलत नसे.

हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. घाटापलीकडच्या त्या घोडेस्वारीच्या शाळेला कळव की तू एक आठवडा उशिरा रुजू होशील. चांगली शिकवणारी हवी असेल तर थांबतील. आणि इकडे ये, राळ्याच्याच साच्यात नवं छप्पर करू. हे काम मला येत नाही. माझ्या ओळखीत ते येणारी एकच व्यक्ती उरली आहे, आणि ती राळ्या गेल्यापासून रेझीनच्या डब्याकडे बघतही नाही, हे मी पाहिलंय. तरी मागतो. मला शिकव. मिश्रण तू कर, थर मी देईन, आणि चुकीचा दिला तर माझ्या हातावर मार. जुनं छप्पर तू येईपर्यंत जागचं हलणार नाही. ते कापायचं तेव्हा तू बाहेर थांबायचं का समोर उभं राहायचं, ते तूच ठरव. माझ्यावर ओरडायचं असेल तर आल्या आल्या उरकून घे, कारण एकदा बादलीत हार्डनर पडलं की तू सांगशील आणि मी ऐकेन, मधे बोलायला वेळ नसतो. राळ्याने इतक्या वर्षांत मला फायबरचं एवढंच शिकवलं. बाकीचं तुझ्याकडे आहे.

तुझाच शिकाऊ,
दादा